हलकी की सुटी? किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडविषयी

उत्सुक : हर्णै, गुहागर, श्रीवर्धन, मालवण, किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत जा, घरातल्या सामानाला जागा उरलेली नाही. पूर्वी माळा होता, पडवी होती, मागीलदारी खोप होती. आता पडवीला ग्रिल लागलं, माळ्याच्या जागी स्लॅब आला आणि मागीलदारची खोली पाहुण्यांच्या राहण्यासाठी गेली. सामान मात्र कमी झालं नाही, उलट वाढलं. आंब्याचे क्रेट, फवारणीचा पंप, गवत कापायचं मशीन, होडी असेल तर जाळी आणि इंजिन, नारळाची सोडणं, लाकूडफाटा, शेणी. पावसाच्या चार महिन्यांत हे सगळं ठेवायचं कुठे? माझं उत्तर आहे, नट-बोल्टची पत्र्याची शेड. दहा बाय बारा फुटांची घेतली तर दोन दिवसांत उभी राहते. जांभ्याचे चिरे आणा, गवंडी शोधा, वासे-रिपा करा, वर कौलं चढवा आणि मग दर वैशाखात शाकारणीसाठी माणसाच्या दारी जा, हे आता कोणाच्यानं होत नाही. कौलं वानरं फोडतात, रिपांना वाळवी लागते. पत्र्याला वाळवी नाही आणि वानराच्या उडीनं तो फुटत नाही. घरात सत्तरीचे आईवडील आणि मुलगा मुंबईला, अशी निम्मी घरं असताना जे लवकर उभं राहतं आणि गरज सरली की काढता येतं, त्याला नाही का म्हणायचं?

साशंक : वाळवी सोडली तर तुम्ही सांगितलेल्या बहुतेक कारणांच्या मुळाशी माणसांची टंचाई आहे. गवंडी नाही, शाकारणीला माणूस नाही, मुलगा गावात नाही. टंचाई खरीच आहे, मी ती नाकारत नाही. पण माणूस मिळत नाही म्हणून पत्रा आणायचा तर पत्र्याला माणूस लागत नाही हे आधी सिद्ध व्हायला हवं. किनाऱ्यावर ते सिद्ध होत नाही. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात, लाटा फुटताना उडालेले मिठाचे बारीक कण ते घरावर आणून टाकतात. हे मीठ कोरडं राहत नाही. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उघडी राहिली की पाझरते, तेच पत्र्यावर होतं. साधं मीठ 75 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की हवेतलं पाणी धरतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर 33 टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे आपल्याला जो पत्रा उन्हात खडखडीत वाळलेला दिसतो, त्याच्यावर मिठाच्या पाण्याचा पातळ थर वर्षातला बहुतेक काळ असतो. गंजायला लोखंडाला पाणी आणि हवा लागते. ती दोन्ही किनाऱ्यावर रात्रंदिवस आहेत आणि वर क्लोराइड आहे, जे गंजाच्या पापुद्र्याला घट्ट बसू देत नाही. धातूच्या गंजण्यावरून हवेचे वर्ग पाडणारं आयएसओ 9223 नावाचं मानक आहे. त्यातल्या सी-5 या कडक वर्गात उघडं लोखंड पहिल्या वर्षात 80 ते 200 मायक्रॉन झिजतं. शेडचा पत्रा असतो अर्धा मिलिमीटर, म्हणजे 500 मायक्रॉन, आणि तो दोन्ही बाजूंनी झिजतो.

उत्सुक : उघडं लोखंड कोणी वापरतच नाही. पत्र्यावर जस्ताचा लेप असतो, आणि जस्त नुसतं झाकण म्हणून बसत नाही. ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या बादल्या, पन्हाळी, टाक्या आपण कित्येक पिढ्या वापरल्या त्या याच भरवशावर. दुसरी गोष्ट, मीठ साचतं खरं, पण आपल्याकडे ते धुवायलाही निसर्गच आहे. रत्नागिरीला पावसाळ्यात 3,000 मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पाण्यानं छपरावर मिठाचा कण राहत नाही. कोरड्या देशांच्या किनाऱ्यावरचे आकडे आपल्या कोकणाला जसेच्या तसे लावू नयेत.

साशंक : जस्ताचा हिशेब मांडू, कारण दुकानात तो कोणी मांडत नाही. पत्र्यावर 120 जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त. एका बाजूला ते जेमतेम 8 मायक्रॉन भरतं. चांगल्या पत्र्यावर 275 जीएसएम असतं, म्हणजे एका बाजूला सुमारे 19 मायक्रॉन. सी-5 च्या हवेत जस्त वर्षाला साधारण सव्वाचार ते साडेआठ मायक्रॉन झिजतं. भागाकार करून पाहा. हलका लेप एक-दोन वर्षांत संपतो, भारी लेप फार तर चार-साडेचार वर्षं जातो. मग लोखंड उघडं. आणि पाऊस धुतो ते छप्पर. छपराखालची भिंत, पत्र्यावर पत्रा चढतो ती सांध, दाराची चौकट, तळाचा अँगल, या जागी पाऊस पोचत नाही आणि खारा वारा पोचतो. म्हणून शेड वरून शाबूत दिसते आणि खालून, सांध्यांतून, बिजागऱ्यांपाशी कुजते. शिवाय मीठ साचतं ते पाऊस गेल्यावर, दसऱ्यापासून मिरगापर्यंत. त्या सात-आठ महिन्यांत धुणार कोण? आणि कशानं? एप्रिल-मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की माणसांना आणि कलमांना पाणी पुरत नाही, तिथे पत्र्याला अंघोळ घालायला पाणी आणायचं कुठून?

उत्सुक : तुमचा भागाकार मला मान्य आहे, पण तो पुढे चालवा. तेच मानक सांगतं की सी-4 वर्गाच्या हवेत जस्त वर्षाला साधारण दोन ते सव्वाचार मायक्रॉन झिजतं आणि सी-3 मध्ये पाऊण ते दोन. म्हणजे 275 चा जो पत्रा लाटांसमोर चार वर्षांत उघडा पडेल, तोच जरा आडोशाला नऊ वर्षं जाईल आणि आणखी आत वीस वर्षंही जाऊ शकेल. हवेतलं मीठ समुद्रापासून दूर जाताना झपाट्यानं कमी होतं. पहिल्या काहीशे मीटरांतच मोठा फरक पडतो. मध्ये सुरूचं बन असलं, उंडीची झाडं असली, नारळी-सुपारीची बाग असली, तर बरंच मीठ पानांवरच अडतं. जुन्या लोकांनी घरं बागेच्या मागे बांधली, पुळणीवर बांधली नाहीत, त्यात हे शहाणपण होतं. मग शेडही घराच्या मागच्या अंगाला, बागेच्या आडोशाला लावा. पत्रा निवडताना जस्त-ॲल्युमिनियमचा लेप मागा, ज्यात 55 टक्के ॲल्युमिनियम असतं. तो नुसत्या जस्तापेक्षा किनाऱ्यावर बराच जास्त टिकतो. त्यावर कारखान्यातला रंग असला तर आणखी बरं. वेल्डिंगचा सांगाडा घेऊ नका, कारण वेल्डिंगच्या आचेनं लेप जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. नट-बोल्टचा घ्या. ग्राइंडरनं जागेवर कापू नका, कापलेल्या कडा उघड्या राहतात आणि उडालेला लोखंडाचा कीस पत्र्यावर बसून डाग पाडतो. स्क्रूसुद्धा पत्र्याच्या तोडीचे घ्या, नाहीतर पत्रा चांगला राहतो आणि स्क्रूचं डोकं गंजून वायसरखालून पाणी उतरतं. एवढं सांभाळलं तर तुमचा आक्षेप चुकीच्या पत्र्यावर राहतो, पत्र्यावर राहत नाही.

साशंक : हे तुम्ही नीट सांगितलंत आणि यातलं एकही खोडून काढण्यासारखं नाही. पण याच निवडीचा दुसरा शत्रू आहे वारा, आणि तिथे चांगला पत्रा आणि वाईट पत्रा हा भेद चालत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली इथल्या नारळी-सुपारीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. ताशी 120 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 33 मीटर. इमारतीवरच्या वाऱ्याच्या भाराचं आपलं भारतीय मानक आहे, 875, भाग तिसरा. त्यातलं सूत्र साधं आहे : सेकंदाला जितके मीटर वेग, त्याचा वर्ग करायचा आणि 0.6 नं गुणायचं. उत्तर येतं चौरस मीटरला सुमारे 667 न्यूटन, म्हणजे 68 किलो वजनाइतका दाब. दहा बाय बाराचं छप्पर 11 चौरस मीटरांहून थोडं मोठं असतं. छपरावरून वाहणारा वारा त्याला वर ओढतो, आणि ती ओढ याच दाबाइतकी धरली तरी साडेसातशे किलो होते. दार उघडं पडलं तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो, मग ओढ आणखी वाढते. आता तुमच्या शेडचं स्वतःचं वजन सांगा. चार माणसं जिचे भाग उचलून आणतात, तिचं वजन किती असणार? दोनशे किलो, अडीचशे किलो. आणि वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, हे त्या वर्गाच्या गणितात आहेच.

उत्सुक : म्हणून ती नुसती ठेवायची नाही, जखडायची. चार कोपऱ्यांना काँक्रीटचे ठोकळे घाला. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल असा एक ठोकळा सव्वादोनशे किलोच्या घरात जातो. चार ठोकळ्यांचे नऊशे झाले, शेडचं वजन वेगळं. छोटी शेड असेल तर एवढ्यानं तुमच्या हिशेबाला उत्तर मिळतं. मोठी असेल तर मधल्या खांबांनाही ठोकळे द्या. घर जांभ्याच्या कातळावर असेल तर आणखी सोपं, कातळात भोक पाडून बोल्ट बसवता येतो. आणि कौलारू घरं वादळात वाचली का? निसर्गच्या दिवशी कौलंही उडाली, आढीही मोडली. वारा पत्रा आणि कौल असा भेद करत नाही, तो बांधलेलं आणि न बांधलेलं असा भेद करतो.

साशंक : कौल उडालं तर एक कौल पडतं, फुटतं, थांबतं. पत्रा उडाला तर आठ-दहा फुटांचं पातं हवेतून जातं. ते कोणाच्या अंगणात, कोणाच्या तारांवर, कोणाच्या अंगावर जाऊन पडेल ते सांगता येत नाही. किनाऱ्यावर पत्र्याची शेड उभी करणारा माणूस फक्त आपल्या सामानाची जोखीम घेत नाही, शेजाऱ्याचीही घेतो, आणि शेजाऱ्याला विचारत नाही. ठोकळ्यांविषयी म्हणाल तर, पुळणीवरच्या घराला कातळ नसतो. वाळूत ठोकलेली पहार जोरदार वाऱ्यात मऊ लोण्यातून निघावी तशी निघते, तिथे ठोकळ्याच्या वजनाखेरीज आधार नाही. ठीक, ठोकळे घातलेत. पण मग मला सांगा, नऊशे किलो काँक्रीट जमिनीत पुरल्यावर ती हलवता येणारी शेड राहिली का? तुम्ही ती घेतलीत ती हलवता येते म्हणून. वाऱ्यानं तुम्हाला सांगितलं, ती हलता कामा नये. ज्या गुणासाठी वस्तू घेतली तो गुणच समुद्रानं काढून घेतला.

उत्सुक : इथे मला एक भेद करावासा वाटतो, आणि तो करायला तुमच्या प्रश्नानंच भाग पाडलं. हलकी असणं वेगळं आणि सुटी असणं वेगळं. आजवर आपण दोन्ही एकच समजत होतो. दुकानदारही तसंच समजावतो, चार माणसांनी उचलून नेता येते म्हणून सांगतो. किनाऱ्यावर हलकी वस्तू घ्यायची नसतेच. घ्यायची ती सुटी, म्हणजे जिचा प्रत्येक भाग बोल्टनं जोडलेला आहे आणि बोल्टनंच सोडवता येतो. तळाची पट्टी ठोकळ्यातल्या बोल्टला बांधलेली असावी, आणि उद्या हलवायची वेळ आली तर नट सोडले की ठोकळे जागेवर राहावेत, शेड दुसरीकडे जावी. सुटेपणाचा आणखी एक अर्थ आपल्या भूगोलात आहे. जुना कंटेनर घ्यावा असं पुष्कळांना वाटतं, रिकामा वीस फुटी कंटेनरच सव्वादोन टनांच्या आसपास असतो, वारा त्याला सहज हलवत नाही. पण तो घरापर्यंत आणणार कसा? वाडीत जायला पाखाडी, तीही पायऱ्यांची. तिथे ट्रेलर नाही, क्रेन नाही. सुटी शेड मात्र माणसांच्या खांद्यावरून पाखाडी उतरते.

आणि सगळ्यात मोठं कारण तर मी अजून सांगितलंच नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नाव क्वचितच असतं. आजोबांच्या नावची जमीन, तीन भाऊ, त्यांची मुलं, दोन आत्या, अशी दहा-पंधरा नावं. चिऱ्याचं बांधकाम काढलं की उद्या चुलतभाऊ विचारतो, तू सामायिक जागेत पक्कं बांधलंस कसं? वाटप होईल तेव्हा ती जागा कोणाच्या वाट्याला जाईल ते कोणाला माहीत? सुटी शेड ही भांडणाविना केलेली सोय आहे. तुमच्या वाट्याला जागा आली तर मी काढून नेतो, असं म्हणायची मुभा तिच्यात आहे.

साशंक : हलकी आणि सुटी हा भेद मी मनापासून मान्य करतो. मी स्वतः तो केला नव्हता. पण सामायिक जमिनीविषयी माझा अनुभव वेगळं सांगतो. तात्पुरती म्हणून उभी राहिलेली वस्तू कोकणात सहसा तात्पुरती राहत नाही. आज शेड, उद्या तिच्या बाजूला गडगा, परवा तिच्यात वीज, आणि दहा वर्षांनी तीच जागेच्या कब्ज्याची खूण. चुलतभाऊ मुंबईहून गणपतीला येतो आणि पाहतो, चार कोपऱ्यांना काँक्रीट. तुमच्या मनात काढून न्यायचं असेलही, त्याला ते दिसत नाही. त्याला ठोकळा दिसतो. सुटेपणा पत्र्यात नसतो, तो दोन माणसांमधल्या शब्दात असतो. तो शब्द आधी दिला-घेतला नसेल तर नट-बोल्ट काही सिद्ध करत नाहीत. आणि कायद्याचंही तसंच आहे. 2019 च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरांपर्यंतचा पट्टा ना विकास क्षेत्र आहे. चाकं लावली किंवा बोल्टनं जोडली म्हणून तिथे कुठलीही वस्तू आपोआप चालते असं समजून पैसे घालू नयेत. आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारावं, लेखी विचारावं.

उत्सुक : लेखी विचारावं हे खरंच. भावकीचंही लेखी असावं, एका कागदावर सगळ्यांच्या सह्या, शेड कोणाची आणि केव्हा काढायची ते नोंदवून. हे मी माझ्या यादीत पहिल्या ओळीवर घेतो, पत्र्याच्या जाडीच्याही आधी. तरी एक म्हणेन. पुढच्या पिढीला आपण काय ठेवून जातो याचाही विचार आहे. चिऱ्याची पडकी कोठी ठेवून गेलो तर ती पाडायलाही मजुरी लागते. सुटी शेड ठेवून गेलो तर मुलाला ती विकता येते, शेजाऱ्याला देता येते, निदान भंगारात तरी घालता येते. ज्या गावात पुढच्या वीस वर्षांत कोण राहणार हेच ठाऊक नाही, तिथे विचार करून केलेली तात्पुरती सोय हा मला बेफिकीरपणा वाटत नाही. ती नम्रता वाटते.

साशंक : तुमच्या हेतूत नम्रता आहे. आता आत काय ठेवणार तेही पाहू, कारण बाहेरचा खारा वारा जितका खातो तितकंच आतलं सामान खातं. समुद्रातून आलेली जाळी न धुता आत टाकली की मीठ आपण आपल्या हातानं आत नेलं. खताच्या गोण्या ठेवल्या की त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढून पत्रा खातात. आणि पत्र्याला घाम येतो. दिवसभर तापलेली दमट हवा आत कोंडते, पहाटे पत्रा गार पडतो, पाण्याचे थेंब छपराच्या आतल्या बाजूला धरतात आणि खाली सामानावर टपकतात. पाऊस नसतानाही शेड गळते. भाताचं बियाणं तिथे ठेवलं तर बुरशी धरेल. आंब्याची आढी घातली तर एप्रिलच्या दुपारी तो आंबा पिकणार नाही, उकडेल. जांभ्याच्या जाड भिंतीआड आणि कौलाखाली ऊन झिरपत झिरपत येतं, फटींतून हवा खेळते. ती कोठी सामान नुसती ठेवत नव्हती, राखत होती. पत्र्याची शेड ठेवते. राखण्याचं काम ती करत नाही.

उत्सुक : राखणारी जागा आणि ठेवणारी जागा, हा भेद तुमचा आणि तो माझ्या भेदाइतकाच कामाचा आहे. मग सामानाची वाटणी करू. बियाणं, धान्य, आढी, कागदपत्रं घरातच राहतील. शेडमध्ये जाईल ते ज्याला ऊन आणि दमटपणा सोसतो : क्रेट, पंप, गवत कापायचं मशीन, कुदळ-घमेली, लाकूडफाटा, गोड्या पाण्यात धुऊन वाळवलेली जाळी. खताला प्लॅस्टिकचं झाकणाचं पिंप. पेट्रोलचा डबा आत नकोच. समोरासमोरच्या भिंतींना वर जाळीचे झरोके, म्हणजे हवा वाहती राहील आणि घाम कमी होईल. तळाला जमीन थेट लागू नये म्हणून चिऱ्याचा एक थर, त्यावर शेड. मात्र ज्या पत्र्यावर जस्त-ॲल्युमिनियमचा लेप आहे तो ओल्या सिमेंटला टेकू द्यायचा नाही, सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियमला खातो. मध्ये रबराची पट्टी घालायची. आणि धुण्याविषयी तुम्ही पाण्याची अडचण सांगितलीत. छप्पर धुवायचं नाही, पाऊस ते धुतो. धुवायच्या त्या पाऊस न लागणाऱ्या जागा : वळचणीखालचा पत्रा, सांधे, दार, तळ. फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन त्यात गोडं पाणी भरलं तर दोन-तीन बादल्यांत काम होतं. महिन्यातून एकदा, दसऱ्यापासून मिरगापर्यंत आठ वेळा. शिमग्यानंतर एकदा सगळे नट घट्ट करायचे, जिथे ओरखडा दिसेल तिथे जस्ताचा रंग लावायचा.

साशंक : थांबा, तुम्ही आता काय म्हणालात ते पुन्हा एकदा ऐकू. दर महिन्याला धुणं, दर वर्षी नट घट्ट करणं, ओरखडे शोधून रंग लावणं. याला आपल्याकडे शब्द आहे, शाकारणी. कौलं उतरवायची, फुटकी काढायची, रिपा बदलायच्या, पुन्हा चढवायची, दर वर्षी पावसाआधी. तुम्ही पत्रा आणलात तो शाकारणी टळावी म्हणून, आणि प्रामाणिकपणे हिशेब करत गेलात तर तुमच्या हातात पत्र्याची शाकारणी आली. किनारा कुठल्याही वस्तूला राखणीतून सूट देत नाही. झापाच्या खोपीला दर वर्षी नवे झाप लागतात, लाकडाच्या होडीला तेल लागतं, कौलाला शाकारणी लागते, पत्र्याला धुणं लागतं. फरक एवढाच की झापांची, कौलांची राखण सगळ्या गावाला ठाऊक होती, तिचा दिवस ठरलेला होता, आणि पत्र्याची राखण कोणाला ठाऊक नाही. म्हणून पत्रा बिनराखणीचा आहे असा समज पसरला आणि लोक त्या समजाला पैसे देतात.

उत्सुक : हे ऐकून माझा उत्साह कमी होत नाही, पण त्याची जागा बदलते. मी म्हणत होतो, पत्र्याला माणूस लागत नाही. आता म्हणेन, पत्र्याला कमी ताकदीचा माणूस पुरतो. शाकारणीला छपरावर चढणारा, तोल सांभाळणारा, कौल ओळखणारा माणूस हवा. वळचणीखालचा पत्रा धुवायला जमिनीवर उभी राहिलेली बाई पुरते, सत्तरीचे वडीलही पुरतात. ज्या घरातून चढणारी माणसं गेली आणि उभी राहू शकणारी उरली, त्या घराला ही राखण झेपेल. मला वाटतं, निवड अशीच करायला हवी. सर्वांत टिकाऊ काय, हा प्रश्न अपुरा आहे. आपल्या घरात जी माणसं आहेत त्यांच्या हातून कशाची राखण होईल, हा खरा प्रश्न.

साशंक : प्रश्न हाच, याबाबत आपण एका ठिकाणी आलो. उत्तरात अजून दोन ठिकाणी आहोत. तुम्ही म्हणता, उरलेल्या माणसांना झेपेल अशी वस्तू आणा. मला भीती वाटते की वस्तू माणसांच्या टंचाईच्या मापाची केली की टंचाई कायमची होते. पत्र्याच्या शेडी वाढल्या की शाकारणी करणाऱ्या शेवटच्या माणसालाही काम उरत नाही, मग ज्यांना कौलारू कोठी राखायची आहे त्यांनाही ती राखता येत नाही. एका घराची सोय दुसऱ्या घराची वाट बंद करते. याला माझ्याकडे तोडगा नाही. तुमच्या आईवडिलांचं सामान या पावसाळ्यात भिजू द्या असं मी म्हणू शकत नाही.

उत्सुक : आणि शेवटच्या शाकारणाऱ्याला काम राहावं म्हणून शेड घेऊ नका, असं मलाही माझ्या शेजाऱ्याला सांगता येणार नाही. पण ज्याची कोठी अजून उभी आहे त्यानं ती पाडून शेड लावू नये, हे मी सांगेन. शेड मोकळ्या जागेसाठी आहे, उभ्या कोठीच्या जागेसाठी नाही.

साशंक : मग जो घेणार आहे त्याला मी एकच विनंती करतो. या वर्षी घाई करू नका. लेप नसलेले साधे चार लोखंडी खिळे घ्या. एक घराच्या समुद्राकडच्या अंगणात उघड्यावर ठेवा, एक त्याच बाजूला वळचणीखाली, एक घरामागे उघड्यावर, एक मागच्या पडवीत. दसऱ्याला ठेवा, शिमग्याला काढा. चार खिळ्यांचा गंज शेजारी शेजारी ठेवून पाहा. शेड कुठे लावावी, किती जाड लेप मागावा आणि कुठली बाजू महिन्याला धुवावी लागेल, ते दुकानदाराच्या आधी ते खिळे सांगतील. मग भावकीच्या सह्या घ्या, ग्रामपंचायतीत विचारा, ठोकळ्यांचं वजन ठरवा. हे सगळं करूनही शेड घ्यावीशी वाटली तर घ्या. आणि धुण्याचा दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.